मेव्हण्याचा दोर

वैमानिकांसाठी पुस्तिका लिहिण्याच्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट कळली. हेलिकॉप्टर डोंगरावर आदळतं तेव्हा कित्येकदा त्यात काहीच बिघडलेलं नसतं. इंजिन चालू असतं, चालवणारा शुद्धीवर असतो, त्याला फक्त समोरचा डोंगर दिसत नाही. आमचे कॅप्टन वर्गात हे सांगताना भिंतीवर फोटो लावायचे. काळा पडलेला उतार, चपटं झालेलं पत्र्याचं काहीतरी, आणि एका फोटोत नुसता बूट. "बुटात पाय आहे," ते म्हणायचे. "नीट बघा. जेवणाच्या आधी बघा."

कॅप्टन सैन्यातून निवृत्त झालेले, नागपूरकडचे, दाराची चौकट भरून टाकतील असे. वर्गात त्यांच्या हातात लाकडी पट्टी असे. शिकायला येणारे वैमानिक चांगले संसारी गृहस्थ, पण उपकरणावरचं चुकीचं बटण दाबलं की पट्टी त्यांच्या बोटांच्या सांध्यावर बसायची. कोणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. "इथे थोडं रक्त येऊ द्या," ते म्हणत, "म्हणजे तिथे यायचं राहील."

मी किन्हवलीजवळच्या एका गावातला. आमच्या घरात सही करणारे वडील पहिले आणि पदवी घेणारा मी पहिला. शहापूरच्या कॉलेजात आम्हाला पदार्थविज्ञान शिकवणारे जे सर होते, त्यांनी मला रविवारी स्वतःच्या घरी बसवून इंग्रजी शिकवलं, वर जेवूही घातलं. त्यांचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते फिटण्यासारखे नाहीत. त्यांच्याच ओळखीने, नव्वदचं दशक संपता संपता, मला अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. कंपनी परदेशातून नवी उपकरणं मागवून हेलिकॉप्टरांत बसवायची आणि ती कशी वापरायची हे वैमानिकांना शिकवायची. उपकरणाबरोबर येणारं जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचून, कॅप्टनना विचारून विचारून, आपल्या वैमानिकांना समजेल अशी पातळ पुस्तिका तयार करणं हे माझं काम.

मग डोंगराची सूचना देणारं उपकरण आलं. वहीएवढा पडदा, त्याच्या पोटात डोंगरांचा नकाशा. दूरचा डोंगर हिरवा, जवळचा पिवळा, अगदी जवळचा लाल. लालच्याही पुढे गेलात तर यंत्रातला पुरुषी आवाज वैमानिकाच्या कानात ओरडायचा, 'पुल अप, पुल अप.' म्हणजे वर घ्या. पुस्तिकेत मी लिहिलं होतं: 'ही सूचना कॉकपिटमधल्या इतर सर्व आवाजांवर मात करून ऐकू येते.' कॅप्टन म्हणाले, "पहिल्यांदा काहीतरी सरळ लिहिलंस." ते वाक्य मी सरांनाही वाचून दाखवलं होतं.

प्रश्न एवढाच होता की नकाशा परक्या देशात बनलेला, आणि कडे आपल्या सह्याद्रीचे. वर्गात शिकवायच्या आधी एकदा खऱ्या कड्यासमोर जाऊन आवाज कुठे येतो ते पाहायचं ठरलं. कॅप्टननी नकाशावर बोट ठेवलं ते मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या अलीकडच्या एका उभ्या कड्यावर. त्या कड्याखाली माझ्या आईचं माहेर आहे. मी तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की त्या कड्याच्या एका अंगाला आग्या माशांची मोहोळं असतात. कॅप्टननी लगेच पेन्सिलीने खूण केली, मोहोळांपासून बरंच लांब कड्याचं दुसरं टोक धरलं आणि मला आदल्या दिवशी गावात वर्दी द्यायला पाठवलं.

आग्या माशी म्हणजे मधाच्या पेटीतली माशी नव्हे. ती बोटाच्या पेराएवढी असते, आणि एक उठली की सगळ्या उठतात. तरी आमच्या आजोळी पिढ्यान्‌पिढ्या त्या कड्यावरून मध काढत आलेत. मामा त्यात तरबेज. डोक्यावरून घोंगडी, एका हातात धुराचा पेंढा, कमरेला दोर. वर कड्याच्या माथ्यावर झाडाच्या खोडाला दोराचा एक वेढा मारून दुसरा माणूस तो हाताने हळूहळू सोडत राहतो. हा दुसरा माणूस कोण, याचा नियम पक्का आहे. तो भाऊ चालत नाही. भाऊ जमिनीचा वाटेकरी, त्याच्या मनात कधी काय येईल सांगता येत नाही. दोर धरायचा तो बायकोच्या भावाने. बहिणीला विधवा करायला कोणी आपला हात सैल सोडत नाही.

मामाचा दोर मामीचा भाऊ धरायचा. दोघांचं दिवसभर एकमेकांशी वाकडं आणि संध्याकाळी एकाच ताटात जेवण.

त्या संध्याकाळी मी पडवीत बसून सगळ्यांना सांगितलं, "उद्या सकाळी दहा वाजता हेलिकॉप्टर येणार. कड्यापाशी येईल, परत फिरेल, पुन्हा येईल. गुरं लांब बांधा. कड्याकडे कोणी जाऊ नका."

"कोण पुढारी हाय त्यात?" मामीच्या भावाने विचारलं.

"पुढारी नाही. यंत्र तपासायचंय."

"म्हणजे फुलं नाय टाकणार?"

"तुझ्या टकलावर टाकायला सांगू का?" मामा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "निवडणुकीत मुरबाडला आलं होतं, भाच्या. दहाचा टाइम दिलता. पोरांना लेझीम घेऊन उन्हात उभी केली. आलं चारला."

"चारला कुठं, दाजी? ते आलंच नाय. चारला आलं ते दुसऱ्या पार्टीचं."

पडवी हसली. मी दोनदा सांगितलं की हे वेळेवर येणार, कॅप्टन सैन्यातले आहेत, दहा म्हणजे दहा. मामा म्हणाला, "हां हां, येऊ दे दहाला."

सकाळी मी आणि गावातले दोघेतिघे कापणी झालेल्या खाचरात पांढरं कापड अंथरायला गेलो. चाचणी झाल्यावर हेलिकॉप्टर तिथे उतरून मला घेणार होतं. माझ्याकडे हातातला वायरलेस सेट होता. मामा कुठे आहे विचारलं तेव्हा मामी म्हणाली, रानात गेलेत. रानात म्हणजे लाकडाला, असं मी समजलो.

दहाला हेलिकॉप्टर आलं. पहिल्या फेरीला लांबूनच वळलं. सेटवर कॅप्टनचा आवाज आला, "अजून बोलत नाहीये. पडद्यावर सगळं पिवळंच आहे. जरा पुढे जातो." दुसऱ्या फेरीलाही यंत्र बोललं नाही. नकाशात कडा त्याच्या खऱ्या जागेपेक्षा मागे सरकलेला होता, हे नंतर कळलं. कॅप्टन आवाजाची वाट पाहत पुढे सरकत होते. फेरीगणिक ते खूण सोडून कड्याच्या या, मोहोळांच्या अंगाला येत होते, कारण या अंगाला कडा बाहेर झुकलेला आहे आणि यंत्राला तो तरी दिसावा अशी त्यांची अपेक्षा.

तेवढ्यात मला कड्यावर धूर दिसला. बारीक, निळसर, एकाच जागी. धुराच्या वर एक काळी रेघ सरळ माथ्यापर्यंत गेलेली.

मी सेट तोंडाशी धरून ओरडलो, "सर, कड्यावर माणूस आहे, वळा." उत्तर नाही. मी पुन्हा ओरडलो. हेलिकॉप्टर सरळ कड्याकडे चाललं होतं. त्याच क्षणी वर कॉकपिटमध्ये यंत्र पहिल्यांदा बोललं होतं, आणि माझा आवाज त्याच्याखाली दबून गेला होता. मी ज्या वाक्याचा अभिमान बाळगला होता ते अक्षरशः खरं निघालं.

यंत्राने सांगितलं तसं कॅप्टननी हेलिकॉप्टर वर घेतलं आणि वळवलं. पात्यांचा वारा कड्यावर आपटला. कड्याचा एक काळा तुकडा सुटल्यासारखा दिसला. तो खाली पडला नाही, हवेत पसरला.

पुढचं मी तुकड्यातुकड्यांनीच पाहिलं. माशा खाली आल्या तेव्हा माणसं घरांत घुसली, दारं लावली, चुलीत ओला पाला टाकला. मी पांढरं कापड अंगाभोवती गुंडाळून बांधाआड पडलो. शेजारच्या खाचरात खुंट्याला बांधलेली बैलजोडी होती. बैल ओरडतो तेव्हा तो बैलासारखा ओरडत नाही. त्यातल्या एकाने खुंटा उपटला आणि तो ओढ्याकडे पळाला. दुसऱ्याने दाव्यात स्वतःची मान आवळून घेतली, गुडघ्यावर आला, नाकपुड्या माशांनी भरल्या, आणि तसाच बसल्या जागी मेला. तोवर मला मानेवर, पापणीवर, ओठावर किती डंख बसले याचं भान नव्हतं.

कड्यावर मामा होता, पण त्याच्याकडे घोंगडी होती आणि धूर होता. माथ्यावर मामीच्या भावाकडे बनियन आणि पंचा. त्याला पळता आलं असतं. दोराला झाडाभोवती गाठ मारून पळता आलं असतं. पण मग मामा कड्याच्या मध्यात, मोहोळासमोर लटकत राहिला असता, आणि हातातला पेंढा विझेपर्यंतच त्याचं आयुष्य होतं. त्याला खाली पायथ्याशी उतरवायला सगळा दोर हाताने सोडावा लागणार होता. घाईने सोडला तर माणूस आपटतो. म्हणून त्याने तो नेहमीच्याच गतीने सोडला. मामाने नंतर सांगितलं, "धक्का नाय बसला रे एकपण. मला वाटलं वर माशा नाय गेल्या."

हेलिकॉप्टर खाचरात उतरलं. सेटवरची माझी शेवटची हाक कॅप्टनच्या कानी गेली होती. कॅप्टनबरोबर आलेला धाकटा वैमानिक दांडा हातात धरून आत बसून राहिला, पाती फिरतच होती. कॅप्टन उतरून वाकत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "कोणाला लागलंय?"

माशा विरळ झाल्या होत्या. घरांची दारं उघडली. बाहेर आली ती माणसं सुजलेली होती आणि त्यांच्या हातात काठ्या होत्या. बैल मेलेला दिसत होता. मामीचा भाऊ माथ्यावर पडलाय, हे वर धावलेल्या पोरांनी ओरडून सांगितलं होतं. कॅप्टननी दोन्ही हात वर केले. पहिली काठी त्यांच्या त्या वर केलेल्या हातावर बसली. मोडलेली बोटं मी पाहिली, ती मागच्या बाजूला वळली होती. मग नाकावर. ते खाली पडले तेव्हा लाथा सुरू झाल्या. मी मध्ये गेलो. माझ्या मावसभावाने मला कानाखाली अशी दिली की त्या कानाने मला आजही नीट ऐकू येत नाही.

"तू आणलंस त्याला," तो म्हणाला.

"मी दहा सांगितलं होतं."

"दहा बोललास. पण दहाला येईल असं कुठं बोललास?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखर तसंच वाटत होतं, आणि त्याच्या जागी मलाही वाटलं असतं.

कोणीतरी कोयता आणला. कॅप्टनच्या डोक्याशी एक जण धोंडा उचलून उभा होता. तेवढ्यात मामी आली. तिच्या हातात चुलीतलं जळतं लाकूड होतं, माशांसाठी घेतलेलं. धोंडा उचललेल्याच्या पाठीवर तिने ते मारलं. त्याच्या सदऱ्याला भोक पडलं.

"हा मेला तर माझ्या भावाला कोण नेणार? तू नेतंस? सायकलवर?" ती म्हणाली. "मारायचा त्याला तर मंग मारा. आधी उडवायला लावा."

माणसं थांबली. एकाने तरी आणखी एक लाथ घातलीच. मामीने त्यालाही लाकूड दाखवलं.

पोरांनी मामीच्या भावाला घोंगडीच्या झोळीतून खाली आणलं. तोंड कुठे आणि मान कुठे कळत नव्हतं. डोळ्यांच्या जागी दोन रेघा. तळहातांची सालं निघालेली, आणि मुठीत अजून दोर. उरलेला त्यांनी माथ्यावर विळ्याने कापला होता, पण मुठीतला तुकडा त्याने सोडला नव्हता. मागोमाग मामा आला, रांगत. त्याचाही चेहरा सुजला होता, पण तो बोलत होता. हेलिकॉप्टरमध्ये जागा मर्यादित. मामी आणि मी झोळीबरोबर बसलो. कॅप्टन पुढे बसले, रक्त गिळत, मोडलेला हात मांडीवर ठेवून. धाकट्याला म्हणाले, "ताबा तुझा. सरळ ठाण्याला. मी रस्ता सांगतो."

धाकटा डोंगरात नवखा होता. घाईत त्याने खिंडीचा कोपरा जवळून कापला आणि यंत्र ओरडलं. कॅप्टनच्या हेडफोनचा पट्टा मारात तुटला होता, म्हणून तो हेडफोन त्यांनी मागे माझ्या मांडीवर टाकला होता. त्यातून आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"कोण वरडतो?" मामीने माझ्या चांगल्या कानाशी विचारलं.

"यंत्र. वर घ्या, वर ओढा म्हणतंय," मी म्हटलं.

मी ते म्हणायला नको होतं असं नव्हे, पण आमच्याकडे मध काढून झाला की दोर धरणाऱ्याला कड्याखालून हाक येते तीही अशीच असते: 'वर ओढ.' मामीचा भाऊ शुद्धीत नव्हता. तरी त्याचे हात हलले. सालं गेलेल्या तळव्यांनी त्याने माझा सदरा धरला आणि ओढायला लागला, एक हात, मग दुसरा हात, दोर ओढतात तसा. रक्ताने सदरा चिकट झाला. मी त्याच्या अंगावर ओढला गेलो. मामीने त्याच्या सुजलेल्या कानाला तोंड लावलं.

"दाजी खाली उतरलाय रे. खाली हाय. सोड."

त्याने सोडलं नाही. ठाण्याचं मैदान येईपर्यंत मी तसाच वाकलेला होतो, आणि उतरताना शेवटी माझा सदरा कापावा लागला.

रुग्णालयात डॉक्टरांनी चिमट्याने काटे काढायला घेतले आणि काही वेळाने मोजायचं सोडून दिलं. त्यांनी मामीला सरळ सांगितलं, विष मूत्रपिंडांत उतरलंय. लघवी झाली तर माणूस वाचेल. नाही झाली तर नाही.

हे इतकं साधं होतं की त्यावर रडताही येईना. मामी दारात बसून राहिली. कॅप्टन प्लॅस्टर घालून आले आणि बाहेरच्या बाकावर बसले. घरी जा म्हटलं तर मान हलवली. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच होते, नाकावर पट्टी, एक डोळा बंद. मध्येच मला म्हणाले, "लिही. चाचणीच्या वेळी एक माणूस आत असा हवा की ज्याच्या कानात यंत्र नसेल. त्याने फक्त बाहेर बघायचं आणि ओरडायचं." मी लिहून घेतलं. मग ते म्हणाले, "मोहोळापासून मी लांब खूण केली होती."

"हो सर."

"खुणेवर राहिलो नाही."

तेही मी लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मामा आला. जीपने, एसटीने, जसा मिळेल तसा. चेहऱ्याची सूज उतरून हिरवा-काळा रंग राहिला होता. त्याने बाकाकडे पाहून मला विचारलं, "हाच का?"

मी हो म्हटलं. मामा बाकासमोर उभा राहिला. कॅप्टन उभे राहिले. मामा त्यांच्या खांद्याला लागत होता. त्याने हात मागे घेऊन त्यांच्या चांगल्या गालावर इतक्या जोरात मारली की पलीकडच्या खोलीतल्या परिचारिका बाहेर आल्या. नाकावरची पट्टी लाल झाली. कॅप्टननी हात उचलला नाही. धडधाकट असते तर त्यांनी मामाला एका हाताने उचलून फेकलं असतं, हे आम्ही तिघेही जाणून होतो.

"गावच्यांनी मारलं तेव्हा मी कड्याखाली होतो," मामा म्हणाला. "माझी राहिली होती."

"झाली?" कॅप्टननी विचारलं.

"झाली."

मग मामा त्याच बाकावर, त्यांच्या शेजारी बसला. दुसरा बाक नव्हता. दोघेही समोरच्या भिंतीकडे पाहत होते. कॅप्टनच्या शर्टावर थेंब पडत होते. थोड्या वेळाने मामाने खांद्यावरचा पंचा काढून त्यांच्याकडे न बघता पुढे केला.

दुपार कलली तेव्हा मामी दारात आली. तिच्या हातात एक बाटली होती, तळाशी चहाच्या काढ्यासारखं काळपट, घोटभर. तिने ती उंच धरली.

"मुतला?" मामाने विचारलं.

"मुतला," मामी म्हणाली.

मामा उठून बाटलीजवळ गेला आणि उजेडाकडे धरून पाहू लागला. कॅप्टनही उठले, पंचा नाकाशी धरून, आणि मामाच्या खांद्यावरून वाकून पाहू लागले.